पाठराखीण

आमच्याकडे डब्यातला तांदूळ संपत नाही, वाढतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. आणि उंबऱ्याबाहेर पडणारी बाई 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. हे थोडंफार सगळ्याच घरांत असतं. मी त्याचं व्रत केलं होतं. सकाळी घाट उतरून दत्ताच्या पादुकांवर दूध घालायचं, औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या, आणि तिथून पुढे रात्री पाठ टेकेपर्यंत तोंडातून अभद्र शब्द काढायचा नाही. अवघड काही नाही. उपास नाही, खर्च नाही, जीभ तेवढी सांभाळायची.

त्या व्रतापायी माझे पाय अधू झाले असं पुष्कळ लोक म्हणतात. कंपनीने तर तसं लिहूनच ठेवलं होतं. मी तसं म्हणत नाही. काय झालं ते सांगते.

मी शैलजा आष्टेकर. कृष्णाकाठी निंबसर नावाचं आमचं गाव. हे एस.टी.त ड्रायव्हर होते, आता घरी असतात. मुलगा बंदरावर नोकरीला, सणावाराला येतो. घरात आम्ही दोघं आणि सून सानिका. सानिका गावच्या आरोग्य केंद्रात यंत्रसेविका आहे. हल्ली केंद्रात डॉक्टर येत नाहीत, पडद्यावर येतात. तो पडदा आणि आजारी माणूस यांच्यामध्ये जी बाई उभी असते, ती आमची सानिका.

माघात माझी पाठ दुखायला लागली. संध्याकाळी कणकण, पहाटे घामाने पातळ ओलं. पडद्यावरच्या डॉक्टरांनी आधी वय सांगितलं, मग वजन सांगितलं, मग वाकू नका म्हणाले. "वाकू नका म्हणे," मी यांना म्हटलं, "देवापुढे काय ताठ उभी राहू?" दुखणं काही हटेना. शेवटी सानिकाने मला मिरजेला मणक्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुजावर. पांढरी दाढी, जाड चष्मा, आवाज माझ्याहूनही हळू.

"ताई, कच्चं दूध पिता का?" त्यांनी विचारलं.

"छे! तीन उकळ्या आल्याशिवाय मी घरात कुणाला दूध देत नाही."

हाच प्रश्न पडद्यावरच्या डॉक्टरांनीही विचारला होता आणि मी हेच उत्तर दिलं होतं. पण या वेळी सानिका बाजूला उभी होती. ती म्हणाली, "आई, आणि तीर्थ?"

"तीर्थ कुणी पितं का? तीर्थ घेतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते तीर्थ कशाचं असतं?"

"पादुकांवर घातलेल्या दुधाचं. निरसं दूध लागतं देवाला. तापवलेलं चालत नाही."

"म्हणजे रोज सकाळी पळीभर कच्चं दूध पोटात."

"दूध नव्हे हो, तीर्थ," मी म्हटलं. सानिकाने कपाळाला हात लावला आणि डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली.

रक्तात ब्रुसेला नावाचा जंतू निघाला. तो गाईम्हशींच्या अंगात असतो, त्यांच्या दुधातून येतो. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. हा जंतू दांडगा नाही, लबाड आहे. आपल्या शरीराचे जे पहारेकरी त्याला गिळतात, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून फिरतो. हिंडत हिंडत पाठीच्या मणक्यांत उतरतो, दोन मणक्यांमधली गादी कुरतडतो. इथपर्यंत नुसतं दुखणं. पण मणक्यांच्या मधून एक अरुंद बोगदा जातो, आणि त्या बोगद्यात मज्जारज्जू असतो, ताज्या लोण्यासारखा मऊ. मेंदूचा प्रत्येक हुकूम पायांना त्यातूनच जातो. जंतूचा पू त्या बोगद्यात साचला, तर हाडाला सरकता येत नाही. सरकायचं कुणी? लोण्याने.

"आधी पाठ दुखते," डॉक्टर म्हणाले. "मग पायांत विजेसारखी चमक. मग पाय जड, पायाला मुंग्या, लघवी अडते. आणि मग एके दिवशी पाय उठत नाहीत. प्रत्येक पायरीवर परत फिरता येतं, ताई. शेवटची पायरी उतरलात की फार थोडा वेळ उरतो. पू तेव्हाच्या तेव्हा काढला तर पाय वाचतात, उशीर झाला तर पू निघतो, पाय मात्र तसेच राहतात."

"मग आत्ताच काढा."

"आत्ता पू नाही. गोळ्यांनीच बरं व्हायचा संभव जास्त. फक्त नजर ठेवायला हवी."

नजर ठेवायला पाठराखीण आली.

ती म्हणजे केंद्राला यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीची बोटभर रुंदीची एक मऊ पट्टी. मानेखालून कमरेपर्यंत चिकटवायची. टाचेला एक छोटी टिकली. टिकली टाचेला बारीकसा ठोका देते. तो ठोका मज्जारज्जूतून वर चढायला किती वेळ लागतो ते पट्टी मोजते. बोगदा अरुंद व्हायला लागला की ठोका रेंगाळतो, आणि माणसाला कळायच्या आधी पट्टीला कळतं. बोलायचीही ती, मराठीत, बाईच्या आवाजात. हिरवी असली की सगळं ठीक. लाल झाली की मिरजेत शस्त्रक्रियेचं टेबल आपोआप राखलं जायचं आणि उडती रुग्णवाहिका शाळेच्या मैदानात उतरायची. तालुक्यातल्या किती जणांचे पाय तिने वाचवले होते.

"नाव मी सुचवलं, आई," पट्टी चिकटवताना सानिका म्हणाली. "कंपनीला एकदम आवडलं."

नाव मलाही आवडलं. माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून धाकटी मावशी माझ्याबरोबर सासरी आली होती. सासूबाई विचारायच्या, "करमतंय ना गं?" मी म्हणायची, "हो." मावशी लगेच मला पाणी आणायच्या निमित्ताने आत घेऊन जायची आणि पदराने माझे डोळे पुसायची. माझा 'हो' कुठला खरा आणि कुठला खोटा, हे तिला पाठीमागूनही कळायचं.

या पाठराखणीचं मात्र एक कोडं होतं. आमच्याकडचा वैशाख, घामाच्या धारा. घामाने पट्टीचं मोजमाप बिघडायचं आणि उगीचच लाल दिवे लागायचे. म्हणून कंपनीने तिला तीन साक्षीदार दिले: ठोका, माणसाची चाल, आणि माणसाचा स्वतःचा शब्द. तिघांत दोघे म्हणतील ते खरं. मला तर मोरीपुरतं सोडून अंथरुणावरून उठायची बंदी होती, तेव्हा चाल ही साक्षच नव्हती. उरले दोघे. आणि त्या दोघांत वाद झाला तर घामेजलेल्या ठोक्यापेक्षा शब्दाचं वजन जास्त धरायचं, असं तिला शिकवलेलं होतं. कुणीतरी भल्या मनानेच शिकवलं असणार. माणसाचं ऐका, असं.

सानिका प्रशिक्षणाला सांगलीला गेली त्याच आठवड्यात माझ्या पायांत चमका सुरू झाल्या. मग पाय जड झाले. मोरीकडे जाताना एका पायातली चप्पल निसटून मागेच राहिली, आणि मला पत्ताच नाही. हे ती हातात घेऊन मागे आले. "अगं, एक पाय अनवाणी चाललीस की!"

"नवस असेल," मी म्हटलं. ते हसले, मीही हसले. पण मनात चरचरलं.

पाठराखणीने विचारलं, "शैलजाताई, आज पायातलं बळ कसं आहे?"

आता कसं सांगायचं? व्रत तर सोडायचं नाही. जसं तांदळाचं सांगते तसं सांगितलं. "वाढलं गं बाई पायातलं बळ."

"वा! फार चांगली बातमी," ती म्हणाली.

मला वाटलं, किती सुसंस्कृत पोर! वाईट ऐकूनही चांगलं बोलते. नावच तसं आहे म्हटल्यावर रीतही माहीत असणार. दुसऱ्या दिवशी तिने लघवीचं विचारलं. मी म्हटलं, "तीही कालपासून वाढलीच म्हणायची." त्यावर तिने भरपूर पाणी पिण्याबद्दल माझं कौतुक केलं. तेव्हा मात्र थोडं नवल वाटलं. पण यंत्राच्या तोंडी लागून काय करायचं?

सानिका तिकडून फोन करायची. "आई, इथे दिसतंय, हिरवं आहे! छान चाललंय ना?"

"चाललंय," मी म्हणायची.

ती परतली त्या सकाळी मी उठायला गेले आणि माझे पाय माझ्याबरोबर आले नाहीत. दुसऱ्या कुणाचे तरी पाय माझ्या अंथरुणात ठेवून गेल्यासारखे पडून होते. हे मला उचलून बसवत होते तेवढ्यात सानिका पिशवी खांद्याला लावूनच आत आली. माझा पाय तिने उचलला, सोडला. तो धपकन पडला.

"पण हिरवं आहे," ती म्हणाली. फोन बघत होती, पाय बघत होती. "आई, हिरवं आहे हो!"

तेवढ्यात पाठराखणीची सकाळच्या प्रश्नांची वेळ झाली. "शैलजाताई, आज पायातलं बळ कसं आहे?"

"वाढलं," मी म्हटलं. "पार वाढलं आता."

"वा! फार चांगली बातमी."

सानिकाच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. ती आमच्या घरात आली त्या पहिल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, 'आई, साखर संपली', आणि मीच तिला शिकवलं होतं, संपली म्हणू नये बाळा, वाढली म्हणावं. आता तिच्या चेहऱ्यावर ती साखर दिसत होती.

"आई... तुम्ही तिला रोज हेच सांगत होतात?"

"मग काय सांगू?"

ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. "आई, पाया पडते. तिला सरळ शब्दांत सांगा. 'संपलं' म्हणा. 'गेलं' म्हणा. आत्ता."

मी देवघराकडे बघितलं. दत्त तिथून माझे पाय बघत होता. त्याला शब्दांची गरज नव्हती. पण पाठीवरचीला होती. मी डोळे मिटले आणि जन्मात न बोललेलं बोलले.

"माझे पाय गेले. पायातलं बळ संपलं. लघवी होत नाही. कमरेखाली मी मेले."

मग पाठीवरून तोच गोड आवाज आला. "आपली काळजी समजते. ठोका घामामुळे धरलेला नाही, आणि हे उत्तर आधीच्या उत्तरांशी जुळत नाही. घाबरून काही वेळा असं वाटतं. विश्रांती घ्या. उद्या पुन्हा बोलू."

हिरवं.

माझं व्रत मोडलं आणि त्याचा उपयोग काडीचा झाला नाही. खरं सांगते, पायांपेक्षाही तेव्हा मला याचाच जास्त संताप आला. मी सहसा संतापत नाही.

"सानिका," मी म्हटलं, "मला मिरजेला ने."

"लाल झाल्याशिवाय टेबल मिळत नाही, आई. रुग्णवाहिका उडत नाही. मी स्वतः हिरवा पेशंट घेऊन गेले तर... आमचा नियमच आहे, यंत्रावर कुरघोडी करायची नाही. नोकरी जाईल माझी."

"ए पोरी," हे म्हणाले. गाडीची किल्ली त्यांच्या हातात आधीच होती. "मी जन्मभर सिग्नल पाळले. पण समोर माणूस आडवा आला तर हिरव्यातही ब्रेक मारलाय. चल, पाय धर तिचे."

सानिकाने क्षणभर फोनकडे बघितलं, तो उशीवर फेकला, आणि माझे पाय धरले.

वाटेत हे गाडी अशी हाकत होते की जणू मागे भरलेली बस आहे. प्रत्येक खड्ड्याला पाठराखीण म्हणायची, "धक्के टाळा." शेवटी हे म्हणाले, "बाई, तू खाली उतरून खड्डे बुजव."

इस्पितळाच्या दारातल्या पडद्याने पट्टी वाचली आणि आम्हाला उद्याची वेळ दिली. तिथला माणूस चांगला होता, पण तो पडद्यापलीकडे बघत नव्हता. "हिरवा पेशंट आहे मावशी. आत सोडता येत नाही."

"मग असं करा," मी म्हटलं, "मला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात ठेवा. मी बोलणार नाही, ओरडणार नाही. आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाला मला ओलांडून जावं लागेल, एवढंच. पडलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणतात. बघू किती जण ओलांडतात."

त्याने स्वतःच मला तिथवर नेलं. एकानेही ओलांडलं नाही. डॉक्टर मुजावर आले.

त्यांनी पडदा बघितला नाही. खिशातून एक टाचणी आणि एक छोटी हातोडी काढली. "डोळे मिटा, ताई. टोचलं की सांगा." मी डोळे मिटून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने बेंबीच्या वर टोचलं. "आता सांगा, अंगठा वर आहे की खाली?" मला अंगठा आहे हेच कळत नव्हतं. मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने तळव्यावर टाचेपासून वरपर्यंत रेघ ओढली. सानिका दबक्या आवाजात म्हणाली, "अंगठा वर गेला."

"मोठ्या माणसाचा जायला नको," डॉक्टर म्हणाले. "रज्जू दाबला गेलाय. चांगलाच. आणि ही बया हिरवी कशी?"

सानिकाने सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता थांबले, आणि त्यांना चष्म्याआडून काहीतरी मागचं, लांबचं दिसू लागलं.

"माझी अम्मी," ते म्हणाले, "जेवणं झाली की म्हणायची, दस्तरखान बढ़ाओ. अब्बा दुकान बंद करायचे नाहीत, बढ़ाके यायचे. बंद म्हटलं की अम्मी रागवायची." ते सानिकाकडे वळले. "मुली, तुझ्या पाठराखणीला ना माहेर, ना सासर. तिला कोण शिकवणार?"

"सर, यंत्राच्या विरुद्ध गेलात तर तुमच्यावर ताशेरा येतो."

"येऊ दे. भिंतीला लावू." आणि ते आत ओरडले, पहिल्यांदाच मोठ्याने, "टेबल घ्या! सही माझी!"

भूल चढताना पाठीवरून पट्टी काढल्याचं मला जाणवलं. ती म्हणत होती, "पट्टी काढू नका. सर्व काही ठीक आहे."

पू निघाला. वाटीभर, असं सानिका सांगते. पाय मात्र आले नाहीत. लघवी परतली, पोटावर स्पर्श परतला, पाय लाकडासारखे. डॉक्टरांनी लपवलं नाही. "उशीर झाला होता, ताई. फार झाला की थोडा, ते आता काळ सांगेल. रज्जू मेला असेल तर नाही. नुसता गुदमरला असेल तर हळूहळू जागा होतो."

पण काळाची वाट बघायला कंपनीला सवड नव्हती. नव्या पट्टीने माझे ठोके मोजून अंदाज काढला: पुन्हा चालण्याची शक्यता नगण्य. चालण्याचे व्यायाम ज्यांना शक्यता आहे त्यांनाच मिळतात. मला टाकलं खुर्ची गटात.

मग पडद्यावर कंपनीचा तरुण आला. नाव नीलाभ. टापटीप केस, मऊ आवाज. त्याच्या मागे काचेच्या कपाटात यांत्रिक पायांचा संच उभा होता. मांड्यांना बांधायचा, बटण दाबलं की चालवतो.

"आष्टेकर मॅडम, हा तुमच्यासाठी आम्ही लगेच देऊ शकतो. फक्त एक नोंद आहे. 'रुग्णाने चुकीची माहिती दिल्याने विलंब.' तेवढी मान्य करा."

"चुकीची नव्हती," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही 'वाढलं' म्हणालात. प्रत्यक्षात कमी झालं होतं."

"हो. आमच्यात त्यालाच वाढलं म्हणतात. तुम्हाला कळलं नाही. न कळणं वेगळं आणि चुकणं वेगळं."

"बरोबर आहे, पण यंत्राच्या बाजूने बघितलं तर..."

"मी माझ्या बाजूने बघतेय बाळा. पाय माझे आहेत."

तो थोडा गडबडला. "पुढच्या आवृत्तीत हा प्रश्नच येणार नाही. रुग्णांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. बाकीचे शब्द आम्ही घेणारच नाही."

"म्हणजे बाईने तुमच्याकडे येताना आपली जीभ बाहेर चपलांपाशी काढून ठेवायची?" मी म्हटलं. आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. "पाठराखीण कशाला असते, माहीत आहे? नवरी सगळं सांगत नाही, म्हणून. हिला नवरीची भाषा शिकवा. नवरी हिची भाषा शिकणार नाही."

"त्यासाठी हजारो आवाज लागतात, मॅडम. आणि तुम्ही नोंद मान्य केली नाही तर चौकशी लागेल. संच तोवर अडकेल. वर्षंही जातील."

मी त्या काचेतल्या पायांकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, हात लांबवावासा वाटला. घाट दिसला, पादुका दिसल्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मग तालुक्यातली पुढची बाई 'वाढलं' म्हणेल, आणि तिलाही कोणी सांगेल, आष्टेकरबाईंनी मान्य केलंय, चूक बायकांचीच असते.

"राहू द्या तुमचे पाय काचेत," मी म्हटलं. "मी खुर्चीवर बसते. खुर्ची गटात बसत नाही."

पडदा विझला. म्हणजे शांत झाला. मोडलेलं व्रत मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा धरलं होतं.

सानिका तोंड फिरवून खिडकीशी उभी होती. मला वाटलं रडते आहे. ती वळली तेव्हा डोळे कोरडे होते. "हजार आवाज हवेत ना त्यांना? गुरुवारी दत्ताच्या मंडपात आरतीला किती बायका असतात?"

तिला कामावरून घरी बसवलं होतं, चौकशी होईपर्यंत. त्यामुळे वेळच वेळ होता. दर गुरुवारी आरतीनंतर ती मंडपात यंत्र घेऊन बसायची आणि बायका त्याच्याशी बोलायच्या. दुखणं कसं सांगता, नवऱ्याला सांगता तेव्हा कसं, आईला सांगता तेव्हा कसं. 'बरं आहे' कधी खरं आणि कधी खोटं. माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, पहिल्याच दिवशी यंत्रापुढे बसून म्हणाल्या, "मेल्या, तू काय ऐकतोस?"

"अक्का, अभद्र!" मी दटावलं.

"अगं, लाडाने म्हटलं. हेही शिकव त्याला, लाडाचं कुठलं आणि शिवीचं कुठलं."

डॉक्टर मुजावरांनी मिरजेतून त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायकांचे आवाज पाठवले. मग शिरोळहून आले, जतहून आले. कंपनीने मागितले नव्हते. मग एके दिवशी मागितले. चौकशीतली ती नोंद आजही तशीच लोंबकळत आहे. पण सानिकाला परत बोलावलं, आणि 'हो-नाही'ची आवृत्ती काही निघाली नाही.

आणि पाय? व्यायाम यंत्राने दिले नाहीत, ते डॉक्टरांनी फोनवर सांगितले आणि यांनी करून घेतले. मी रडकुंडीला आले की हे म्हणायचे, "क्लच दाब. दाब की! अगं, दाबायचा विचार तरी कर." मी विचार करायची. रोज खुर्चीवरून औदुंबराला प्रदक्षिणा, हे मागून ढकलत. पादुकांपर्यंत घाटाच्या पायऱ्या, म्हणून मी वरूनच हात जोडायची आणि हे खाली जाऊन दूध घालायचे. दूध निरसंच, पण गाईंची तपासणी झाली, बाधलेल्या वेगळ्या काढल्या. आणि तीर्थ आता तापवलेल्या दुधाचं. गुरुजी कुरकुरले. मी म्हटलं, "गुरुजी, देवाला निरसं, माणसाला तापवलेलं. देवाला मणका नाही, मला आहे."

पावसाळा सरता सरता एकदा तीर्थ घेताना माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलला. पट्टी म्हणाली, "किरकोळ कंप. दुर्लक्ष केले." सानिका म्हणाली, "तू कर. मी नाही करत." आणि तिने वाकून माझ्या अंगठ्याला नमस्कार केला. सुनेने सासूच्या एका अंगठ्याला नमस्कार केल्याचं कुणी ऐकलंय?

मग घोटा. मग गुडघा, थरथरत. मग उभं राहणं, दोन्हीकडून धरून. चालते म्हणण्यासारखं अजून चालत नाही. पाय फरफटतो, काठी लागते, संध्याकाळी मांड्या पेटतात. पट्टीचा अंदाज कागदावर अजून तोच आहे, नगण्य. बदलायला वर्षाचा हिशेब लागतो म्हणे.

आज सकाळी मी घाटाच्या वरच्या पायरीशी उभी राहिले. एका हातात काठी, एका हातात दुधाचा गडवा. हे एका बाजूला, सानिका दुसऱ्या बाजूला, धरलं नव्हतं पण धरायला तयार. खाली पादुका ओल्या चमकत होत्या.

"पायऱ्या उतरण्याची शिफारस नाही," पाठराखीण म्हणाली.

"शिफारस मागितली कुणी?" मी म्हटलं, आणि एक पाय खाली टाकला. काठी, दुसरा पाय. दूध थोडं हिंदकळलं.

मग पाठराखणीने विचारलं, "शैलजाताई, पायातलं बळ?"

"वाढलं."

गुरुवारचे सगळे आवाज तिच्यात आता होते. मग ती हळूच म्हणाली, मावशी विचारायची तशी, बाजूला घेऊन विचारल्यासारखी, "वाढलं, म्हणजे संपलं का?"

हे मोठ्याने हसले. सानिकाने ओठ दाबला.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "हे वाढलं म्हणजे वाढलं."

"फरक कसा ओळखायचा?"

"बघ," मी म्हटलं, आणि पुढची पायरी उतरले.